दुसरा हात

परवा ऑफिसच्या वार्षिक चेकअपला गेले होते. सकाळी साडेसातची वेळ, सगळे उपाशीपोटी, स्पिरिटचा वास आणि कोपऱ्यात कुणीतरी लपवून आणलेल्या चहाचा वास एकमेकांत मिसळलेला. नंबर आला तशी खुर्चीवर बसले, सिस्टरनं उजव्या हाताला पट्टा गुंडाळला, मशीन घुर्रघुर्र केलं आणि आकडा आला, १२४-८२. तिनं तो कागदावर लिहिला, पट्टा सोडायला लागली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डाव्या हाताचं पण घ्या ना." तिनं वर बघितलं. "का हो मॅडम, काही त्रास आहे?" मी म्हटलं, नाही, असंच. "मग एका हाताचं पुरतं," असं म्हणून तिनं पुढचं नाव पुकारलं. मागं पंचवीस माणसं उभी होती, तिची काही चूक नव्हती, आणि मी उठले. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. मीटिंगमध्ये बसलेय आणि डाव्या हाताची दोन बोटं उजव्या मनगटावर, मग उजव्या हाताची डाव्यावर. दोन्हीकडं व्यवस्थित लागतंय. तरी पुन्हा बघतेय.

आमच्या घरात ही सवय सगळ्यांनाच लागलीय, त्याला आता दहा वर्षं होतील.

माझी धाकटी बहीण तेव्हा २२ वर्षांची होती, सोलापूरला आईबाबांकडं, बी.कॉम. झालेलं आणि बँकेच्या परीक्षा देत होती. २०१४च्या पावसाळ्यात तिला बारीक ताप यायला लागला. म्हणजे नव्व्याण्णव, शंभर, त्याच्या वर नाही, पण संध्याकाळ झाली की अंग कढत. मग वजन उतरलं. मग चक्कर. आणि एक गोष्ट जी आम्ही कुणीच आजारात धरली नाही, ती म्हणजे धुणं वाळत घालताना तिचा डावा हात भरून यायचा. आमच्याकडं गच्चीवर तारा आहेत, आणि सोलापुरी चादर ओली झाली की ती किती जड होते हे ज्यानं पिळलीय त्यालाच माहिती. दोन चादरी टाकून झाल्या की ती हात खाली सोडून उभी राहायची, झटकायची, पुन्हा वर करायची. आई खालून ओरडायची की एवढ्याशा धुण्याला अर्धा तास लागतो का गं. वेणी घालतानाही तेच, अर्धी वेणी झाली की हात मांडीवर. आम्ही म्हणायचो अंगात रक्त नाही, खात नाही नीट, मोबाइल घेऊन वाकडी झोपते. घरातल्या माणसाच्या दुखण्याला आपण किती पटकन स्वभावाचं नाव देतो.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९ आणि ईएसआर, म्हणजे अंगात कुठं सूज-दाह असेल तर वाढणारा आकडा, ९०च्या वर. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बीपी घेतलं, डाव्याच हाताचं, कारण त्यांच्या टेबलाला लागून जी खुर्ची आहे तिच्यावर बसलं की डावाच हात त्यांच्याकडं येतो. ८४-६०. "लो बीपी आहे, म्हणून चक्कर येते. मीठ जरा जास्त खा, लिंबू-सरबत घे, पाणी भरपूर." एवढं साधं निदान ऐकून आई इतकी खूश झाली. त्या दिवसापासून माझ्या बहिणीच्या ताटात मिठाची चिमूट जास्त, ताकात मीठ, दुपारी मीठ-साखर-पाणी, ते तांब्याभर तिच्यासमोर बसून प्यायला लावायची आई. दर वेळी दवाखान्यात गेलं की पुन्हा तीच खुर्ची, तोच हात, कधी ८०, कधी ८६, कधी मशीनवर आकडाच नाही. "फारच लो आहे, लागतसुद्धा नाही." आणि आम्ही घरी येऊन अजून मीठ.

मी हे लिहिताना आजही थांबते. वर्षभर.

मधल्या काळात कुठं कुठं फिरलो त्याची यादी मोठी आहे आणि ती सगळी सांगण्यात अर्थ नाही. ईएसआर बघून एकांनी टीबी म्हटलं, हातावरची ती सुई देऊन बघितली तर गाठ आली, मग सहा महिने टीबीच्या गोळ्या, लघवी केशरी व्हायची आणि ती रडायची. एका हाडाच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढून गळपट्टा दिला. मेंदूवाल्यांकडं झालं. हृदयाचा टूडी एको झाला, तो एकदम नॉर्मल. शेवटी एकांनी आईला बाहेर बोलावून विचारलं की हिच्या मनावर काही ताण आहे का, लग्नाबिग्नाचं काही, आणि झोपेची गोळी लिहून दिली. मला त्या प्रत्येकाचा राग आला होता, खूप वर्षं होता. आता तो तसा राहिलेला नाही, पण पूर्ण गेला असंही म्हणणार नाही. कारण प्रत्येकानं आपापला अवयव नीट बघितला होता. मान ठीक होती, मेंदू ठीक होता, हृदय ठीक होतं. जे बिघडलं होतं ते यातल्या कुणाच्याच हद्दीत येत नव्हतं.

वैद्यांकडचा प्रसंग मात्र सांगायला हवा. मावशीच्या ओळखीचे, म्हातारे, नाडीपरीक्षेसाठी नाव असलेले. पुरुषाचा उजवा हात बघतात आणि बाईचा डावा, तशी पद्धत. त्यांनी तिचा डावा हात घेतला, तीन बोटं ठेवली, डोळे मिटले. खोलीत चंदनाचा आणि काढ्याचा असा दाट वास. आम्ही श्वास धरून. किती वेळ गेला कोण जाणे, त्यांनी बोटं जरा वर सरकवली, जरा दाबली, पुन्हा सरकवली. मग डोळे उघडून तो हात हळूच खाली ठेवला, उजवा मागितला, त्याच्यावर बोटं ठेवली आणि वात-पित्ताबद्दल बोलायला लागले. चूर्णाच्या पुड्या दिल्या. मी तेव्हा बघितलं होतं, त्यांनी हात बदलला ते. मला वाटलं असेल काहीतरी त्यांच्या शास्त्रात. त्यांना डावीकडं काही लागलं नव्हतं आणि ते बोलले नाहीत. का बोलले नसतील यावर मी खूप विचार केलाय. मुलीला घाबरवायचं नसेल, की वयामुळं स्वतःच्या बोटांवरच शंका आली असेल? बहुतेक हेच असेल. ज्या माणसाची सगळी हयात बोटांच्या टोकावर गेली त्याला सत्तरीनंतर एका पोरीच्या मनगटात काहीच लागत नाही, तेव्हा तो आधी स्वतःवरच संशय घेणार. मला त्यांचा राग येत नाही, पण ते बोलले असते तर.

आणि त्यांच्याही आधी, जानेवारी २०१५ला गड्ड्याच्या जत्रेत. संक्रांतीच्या त्या दिवसांत आम्ही बहिणी दर वर्षी बांगड्या भरतो, मी पुण्याहून मुद्दाम जाते. जत्रेतल्या पिवळ्या बल्बांखाली काचेचे ढीग, पाळण्याचा आवाज, भज्यांचा वास, आणि कासारीण बाई पाटावर बसलेली. कासारणीची हात धरायची एक रीत असते, अंगठा मुडपून, चारी बोटांची हाडं जवळ आणून, पंजा मऊ करत करत ती बांगडी सरकवते. तिनं माझ्या बहिणीचा उजवा हात भरला. डावा घेतला आणि थांबली. तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळला. म्हणाली, "ह्यो हात गार हाय की गं बाई. दुसरा कसा ऊन हाय." आम्ही हसलो. थंडी होती. मी म्हटलं, मावशी, लवकर भरा, घरी जायचंय.

सगळ्यांत आधी तिला कळलं होतं.

निदान झालं ते गणपतीत, २०१५च्या सप्टेंबरमध्ये. गल्लीतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. बहीण रक्त द्यायला नाही, नावं लिहून घ्यायला टेबलावर बसली होती. दुपारी गर्दी ओसरली, मेडिकल कॉलेजची पोरं रिकामी होती, आणि त्यातल्या एकानं, विशीतला मुलगा, एप्रनच्या खिशात पुस्तकाची वळकटी कोंबलेला, तिला म्हटलं, ताई, बसा, तुमचंही बीपी बघू. मशीन नाही, हातानं फुगवायचं ते. डाव्या हाताला बांधलं, स्टेथोस्कोप लावला, काहीच ऐकू येईना. पुन्हा फुगवलं. नाही. बहीण म्हणाली, माझं लोच असतं. कुणी दुसरा असता तर इथंच सोडलं असतं. पण तो नवा होता, पुस्तकात जसं लिहिलंय तसं करायची सवय मोडली नव्हती, आणि पुस्तकात बहुतेक लिहिलेलं असतं की लागलं नाही तर दुसरा हात बघा. त्यानं दुसरा हात मागितला.

१७६-१०४.

बहीण सांगते की तो मुलगा पांढरा पडला. त्यानं तिची दोन्ही मनगटं एकदम दोन हातांत धरली आणि बराच वेळ तसाच बसला, बाहेर ढोल वाजत होते, आणि ती बिचारी संकोचून इकडंतिकडं बघत होती. मग त्यानं सीनियरला बोलावलं. सीनियरनं गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत स्टेथोस्कोप ठेवला, ढोल थांबवायला लावले आणि पुन्हा ऐकलं. नंतर आम्हाला समजावून सांगितलं की अरुंद जागेतून रक्त जोरात जातं तेव्हा आवाज येतो, नळाचं तोंड बोटानं दाबल्यावर पाणी जसं फुसफुसतं तसा. त्यानं शिबिराच्या पत्रकाच्या मागं दोन शब्द लिहिले. एक, टाकायासू. दुसरा, रुमॅटॉलॉजिस्ट. ते पत्रक अजून फाइलमध्ये पहिल्या पानाला आहे, वर गणपतीचं चित्र आणि खाली देणगीदारांची नावं.

त्या रात्री आईनं लिंबू-सरबताचा तांब्या घासून फडताळात वरच्या कप्प्यात ठेवला, पार मागं. कुणी काही बोललं नाही. म्हणजे खरं बीपी इतकं वाढलेलं होतं आणि आम्ही तिला मीठ चारत होतो. डाव्या हाताची रक्तवाहिनीच बुजत आली होती, त्यामुळं त्या हाताला जे लागायचं ते शरीराचं बीपी नव्हतंच, त्या एका बुजलेल्या वाटेपलीकडं जे काही थेंबभर पोचत होतं त्याचा तो आकडा होता. खोटा आकडा. त्याच्यावर विश्वास ठेवून आम्ही वर्षभर तिला औषध म्हणून उलटीच गोष्ट दिली.

आता रुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे काय? मी गुगलला टाकलं तर मराठीत संधिवाततज्ज्ञ. पण हिचे सांधे तर दुखतच नाहीत. मेडिकलवाल्या काकांना विचारलं, ते म्हणाले सांधेदुखीचे ना, हाडाचे डॉक्टर आहेत की समोरच. हाडाच्या डॉक्टरांकडं तर आम्ही जाऊन आलो होतो. एका नातेवाइकानं सांगितलं हृदयवाल्यांना दाखवा, रक्तवाहिनी म्हणजे हृदयच. दुसऱ्यानं सांगितलं, लगेच स्टेंट टाकून घ्या, मोकळं होईल. हे फार जवळ आलं होतं, बाबांनी पैशांची जुळवाजुळवसुद्धा सुरू केली होती. नंतर कळलं की आजार धगधगत असताना घाईनं स्टेंट टाकला तर तो पुन्हा बुजण्याची भीती जास्त असते, आधी आग विझवावी लागते. आम्हाला तेव्हा हे कोण सांगणार? गावात विचारावं तर नावच कुणाला उच्चारता येत नव्हतं. आई "टाकसाळे" म्हणायची. शेवटी मी पुण्यात शोध घेतला, तीन ठिकाणी फोन केले, एका ठिकाणी दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली, आणि मी रोज फोन करून विचारायचे की कुणी रद्द केलंय का. नवव्या दिवशी त्या रिसेप्शनच्या मुलीनंच मला फोन केला. उद्या सकाळी अकराला येऊ शकाल?

हुतात्मा एक्स्प्रेस सोलापूरहून साडेसहाला निघते. त्या गाडीत रोज किती फाइली असतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे, मांडीवर डबा, आणि खिडकीबाहेर उजनीचं पाणी. भिगवण गेलं. कितीतरी वर्षांनी मी वाचलं की याच भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याचे रुमॅटॉलॉजिस्ट डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन कुणाचं काय दुखतं याची पाहणी केली होती. 'कॉपकॉर्ड' म्हणून जी जागतिक योजना होती, तिच्यातली. म्हणजे ज्या गाडीतून आम्ही हा डॉक्टर नावाचा प्राणी कुठं असतो ते शोधत चाललो होतो, त्याच रुळाच्या कडेच्या गावात तो डॉक्टर वीस वर्षांपूर्वी स्वतः दारोदार फिरून गेला होता. मला हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

पुण्याच्या डॉक्टर बाई होत्या. आमची जाडजूड फाइल त्यांनी बाजूला ठेवली आणि आधी बहिणीचे दोन्ही हात हातात घेतले. मग गळा. मग कोपराच्या आत. मग झोपवून जांघेत, गुडघ्यामागं, घोट्याच्या आत, पावलाच्या पाठीवर. बीपी चारी ठिकाणी, दोन्ही हात आणि दोन्ही पाय, पायाला मोठा पट्टा लावून. पोटावर, कमरेवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं. प्रश्न विचारले ते असे की बाकी कुणी कधी विचारले नव्हते, तोंड येतं का, डोळे कोरडे पडतात का, हात वर केला की काय होतं. या शेवटच्या प्रश्नाला बहीण म्हणाली, "चादर वाळत घालता येत नाही," आणि तिला एकदम रडूच आलं. बाई थांबल्या. त्यांनी घाई केली नाही. मग एका कोऱ्या कागदावर छत्रीची मूठ काढली, उलट्या जे सारखी, म्हणाल्या ही महाधमनी, हृदयातून निघते, अशी वळते आणि खाली पोटात जाते. मुठीच्या वरच्या बाकातून तीन फांद्या निघतात, त्यातली ही शेवटची डाव्या हाताला जाते. शरीराचंच संरक्षण करणारं सैन्य या नळ्यांच्या भिंतींवर उलटलंय, भिंती सुजून जाड झाल्यात आणि आतली वाट बारीक. "आम्हाला सांध्याचे डॉक्टर म्हणतात, पण हे सैन्य जिथं जिथं उलटतं ते सगळं आमचं." सीटी अँजिओत नंतर दिसलं की डाव्या हाताची वाट जवळजवळ बंद आहे आणि उजव्या मूत्रपिंडाकडं जाणारीही चिंचोळी झालीय, म्हणून बीपी एवढं चढलेलं. बाबांनी विचारलं, हे आधी कळलं असतं तर? बाई लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आत्ता कळलंय, आत्तापासून करू. मला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटलं होतं.

टाकायासू हे एका जपानी डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव आहे, मिकितो टाकायासू. १९०८ साली फुकुओकाला नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी एका २१ वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, तिच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची गोल माळ दिसत होती. त्यांचं लक्ष डोळ्यात होतं. त्याच सभेत आणखी दोघा डॉक्टरांनी सांगितलं की आम्हीही असे डोळे बघितलेत, आणि त्या रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. मी हे रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचत होते, शेजारी बहीण झोपलेली, स्टिरॉइडमुळं चेहरा पुनवेसारखा गोल झालेला. २१ वर्षांची मुलगी, पुढं तिचं काय झालं कुठं सापडलं नाही मला. तिच्या डोळ्यात माळ दिसली हे शंभरावर वर्षं लिहिलेलं राहिलं. तिलाही कुणीतरी आधी सांगितलं असेल का, की तुझा हात गार आहे म्हणून?

पुढच्या वर्षी वेल्लोरला गेलो. पुण्याच्या बाईंवर अविश्वास होता असं नाही, पण काकांचा हट्ट होता की एकदा सीएमसीला, म्हणजे तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, दाखवल्याशिवाय समाधान नाही, आणि आजारी माणसाच्या घरात सगळ्यांचं समाधान सांभाळावं लागतं. रात्रीची गाडी, दुसऱ्या दिवशी काटपाडी. स्टेशनपासूनच लॉजवाले, बंगालीत लिहिलेल्या पाट्या, आमच्या खोलीच्या खाली माशाच्या कालवणाचा वास, आणि आमच्या पिशवीत आईनं दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी, ती चार दिवस पुरली. तिथल्या डॉक्टरांनीही तेच निदान सांगितलं, तेच औषध. पण तपासताना त्यांच्याजवळ एक छापील फॉर्म होता, कुठली नाडी गेली, कुठं आवाज येतो, नवीन काय झालं याच्या चौकटी. मी विचारलं तर म्हणाले ही याच आजाराची मोजपट्टी आहे, आयटास २०१०, भारतातल्याच डॉक्टरांनी मिळून तयार केलेली. मला खरं सांगू, त्या कागदानं मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्या रिपोर्टनं दिला नव्हता. वर्षभर ज्या दुखण्याला कुणाकडं नाव नव्हतं, त्याच्यासाठी इथं चौकटी छापून ठेवल्या होत्या. म्हणजे अशा मुली येत असणार. पुष्कळ येत असणार.

आणि एक भेटलीच. बाहेरच्या बाकावर, झारखंडची, आमच्या बहिणीएवढीच, आईबरोबर आलेली. तिच्या दोन्ही हातांच्या नाड्या गेलेल्या, बीपी पायाचंच घ्यावं लागायचं. हिंदीत बोलणं सुरू झालं, किती मिलिग्रॅम चालू आहे, तुझा पण चेहरा सुजला का, केस गळतात का. बहिणीनं आपणहून तिच्याकडं हात केला. तिनं बोटं ठेवली. मग हिनं तिच्या. दोघी तशाच बसल्या, एकमेकींच्या मनगटात काहीच शोधत नसल्यासारख्या. मी पाणी आणायला म्हणून उठले. आम्ही घरचे सगळे दीड वर्ष तिच्याभोवती होतो, जीव टाकत होतो, आणि तरी तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. थोडं लागलं मला ते. पण ते खरं होतं.

लग्नाचं मी थोडक्यात सांगते कारण ती गोष्ट तिची आहे. आई बरेच दिवस फाइल ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवायची. एक स्थळ चांगलं होतं, बहिणीनंच स्पष्ट सांगितलं, आजारासाठी दर बुधवारी घ्यायची गोळी काय आहे आणि ती चालू असताना दिवस राहून चालत नाही, आजार शांत असेल तर डॉक्टरांशी बोलून औषधं बदलून पुढं होऊ शकतं, हे सगळं. ते लोक नीट ऐकून गेले, फोन आला नाही. पुढं तिला बँकेतच नोकरी लागली. मागच्या महिन्यात तिनं स्वतःच्या पैशानं वॉशिंग मशीन घेतलं.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये पुण्याला जाता येईना. व्हिडिओवर बाई दिसल्या, मागं त्यांच्या घरातलं कपाट, आवाज तुटत होता. सगळं विचारून झालं आणि मग त्या म्हणाल्या, "नाडी कशी बघू आता मी?" आणि जरा वेळानं, "आई आहेत का जवळ? त्यांना बसवा." आणि त्यांनी माझ्या आईला, सातवी शिकलेल्या बाईला, फोनवरून शिकवलं. अंगठा नाही वापरायचा, अंगठ्याला आपलीच नाडी लागते. तीन बोटं, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, दाबायचं नाही, नुसती ठेवायची. आधी उजवा. लागतंय? आता डावा. आई कितीतरी वेळ गप्प. मग तिनं मान हलवली, नाही. बाई म्हणाल्या, बरोबर, बरोबर बघताय तुम्ही. आईला आयुष्यात कुणी असं म्हटलं नसेल, तेही अशा गोष्टीसाठी. दुसऱ्या दिवशी बाबांनी मेडिकलमधून बीपीचं मशीन आणलं. तेव्हापासून कालनिर्णयवर दर बुधवारी दोन आकडे असतात, आईच्या अक्षरात, उजवा आणि डावा. डाव्यापुढं बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ. बाईंनी सांगितलं होतं की शरीर स्वतः बारीक बारीक आडवाटा काढतं, हळूहळू, त्यानं थोडं रक्त पुढं जातं. २०२२च्या श्रावणात एकदा डाव्याला ९६ आलं. आईनं ते लाल पेनानं लिहिलं आणि खिचडीऐवजी शिरा केला. पुढच्या बुधवारी पुन्हा रेघ. नंतर कधी येतो आकडा, कधी येत नाही. आईनं लाल पेन वापरणं बंद केलं, पण रेघ ओढायच्या आधी ती तीन बोटं ठेवून बघते, मशीनवर तिचा पूर्ण विश्वास नाही.

गड्ड्यात आम्ही दर वर्षी जातो. ती कासारीण पुन्हा भेटली नाही, मी दर वेळी त्या रांगेत शोधते. काय सांगणार आहे तिला, ते मलाही ठरवता आलेलं नाही. बहीण आता डाव्या हातात बांगड्या भरत नाही, पट्टा बांधताना काढाव्या लागतात म्हणते. उजव्यात मात्र डझनभर.

तर त्या चेकअपच्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. साखर ठीक, कोलेस्टेरॉल जरा जास्त. मी आईला फोन केला, तिच्याकडं कुकरची शिट्टी चालू होती, तिनं गॅस बारीक केला तो आवाजही ऐकू आला. मी सगळं वाचून दाखवलं. शेवटी म्हटलं, आणि बीपी १२४-८२.

आई म्हणाली, "कुठल्या हाताचं?"